बेसबॉलमध्ये सगळ्यात लांबलचक करियर झालेला एखादा कोच किंवा मॅनेजर सांगाल का? आणि कोच आणि मॅनेजर यात फरक काय असतो?

फरक आधी सांगून टाकतो, तो दोन मिनिटांचा आहे. मग माणूस सांगतो, त्याला जरा वेळ लागेल.

बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे ऑफिसात बसून खेळाडूंचे पैसे ठरवणारा नव्हे, ते काम जनरल मॅनेजरचं. नुसता मॅनेजर म्हणजे मैदानावरचा सगळा कारभार ज्याच्या हातात तो. बॅटिंग ऑर्डर तो लावतो, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कधी बदलायचा ते तो ठरवतो, बेस चोरायला कोणी कधी पळायचं ते पण तोच, म्हणजे आपला कॅप्टन आणि कोच एकाच माणसात कोंबले तर जे होईल ते. त्याच्या हाताखाली कोच असतात, एक पिचिंगचा, एक बॅटिंगचा, एक तिसऱ्या बेसपाशी उभा राहून हातवारे करत 'पळ', 'थांब' सांगणारा, आणि एक बेंच कोच, जो डगआउटमध्ये मॅनेजरच्या शेजारी बसून त्याच्या कानात बोलत राहतो. आणि गंमत म्हणजे हे सगळे, वय काही का असेना, पोट कितीही सुटलेलं असो, खेळाडूंचाच युनिफॉर्म घालून बसतात. मी न्यू जर्सीत नवा होतो तेव्हा टीव्हीवर हे बघून मला वाटलं होतं की कोणातरी खेळाडूचे आजोबा मॅच बघायला आलेत आणि लाडाने त्यांना ड्रेस घातलाय.

ते आजोबा म्हणजे डॉन झिमर. मॅनेजर म्हणून सगळ्यात जास्त वर्षं कोणाची हे विचारत असाल तर उत्तर कॉनी मॅक, एकाच टीमचा ५० वर्षं मॅनेजर, तोही युनिफॉर्म न घालता सूट-टाय घालून. पण तो टीमचा मालकही होता, त्याला काढणार कोण! झिमरला मात्र लोकांनी सारखं काढलं आणि तरी तो १९४९ ते २०१४ असे ६६ सीझन या खेळात टिकला. बेसबॉल सोडून दुसऱ्या कुठल्या कामाचा पगार मी कधी घेतला नाही हे तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. म्हणून माझं उत्तर तो.

जन्म १९३१ चा, सिनसिनाटीचा. १९४९ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी घेतला. १९५१ मध्ये एल्मायरा नावाच्या छोट्या गावात खालच्या लेव्हलच्या टीममध्ये खेळत असताना याने लग्न कुठे केलं तर मैदानात, होम प्लेटवर, म्हणजे आपल्याकडे कोणी क्रीजवर अंतरपाट धरावा तसं. बायकोचं नाव जीन, पण सगळे तिला सूट म्हणायचे. तो संसार जवळजवळ ६३ वर्षं चालला आणि त्या माऊलीने नवऱ्याच्या करियरची कात्रणं वह्यांच्या वह्या भरून चिकटवून ठेवली.

आता खरी गोष्ट. ७ जुलै १९५३. झिमर २२ वर्षांचा, सेंट पॉलच्या टीमकडून, म्हणजे डॉजर्सच्याच खालच्या लेव्हलच्या टीमकडून खेळतोय, २३ होमरन मारून झालेत, डॉजर्सचं बोलावणं आज येतं की उद्या अशी अवस्था. कोलंबसला मॅच होती. पिचरच्या हातातून बॉल सुटला तो याला दिसलाच नाही आणि थेट कानशिलावर बसला. तेव्हा हेल्मेट सक्तीचं नव्हतं, डोक्यावर नुसती कापडी टोपी. जवळजवळ दोन आठवडे बेशुद्ध. मेंदूवरचा दाब कमी करायला डॉक्टरांनी कवटीला भोकं पाडली. शुद्धीवर आला तेव्हा बोलता येईना, कितीतरी आठवडे वाचाच गेलेली. ती भोकं नंतर टँटलम नावाच्या धातूची बटणं बसवून बुजवली, बाटलीला बूच मारावं तशी. लोक आयुष्यभर म्हणत राहिले की झिमरच्या डोक्यात स्टीलची प्लेट आहे आणि तो प्रत्येकाला दुरुस्त करायचा की प्लेट नाही हो, बटणं आहेत, चार. आणि वर म्हणायचा की मी डोक्याला भोक पडल्यासारखं मॅनेज करतो असं माझे खेळाडू म्हणतात ते चूक आहे, एक नाही चार भोकं आहेत.

आपल्या जुन्या लोकांना इथे आपला क्रिकेट कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर आठवेल. १९६२, बार्बाडोस, वेस्ट इंडिजच्या ग्रिफिथचा बॉल डोक्याला लागला, फ्रँक वॉरेलने रक्त दिलं, डोक्यात प्लेट घालावी लागली. कॉन्ट्रॅक्टर परत फर्स्ट क्लास खेळला पण टेस्ट पुन्हा मिळाली नाही. झिमर दुसऱ्याच वर्षी, १९५४ मध्ये, डॉजर्सकडून खेळायला उभा. आणि १९५६ मध्ये परत एक बॉल तोंडावर, गालाचं हाड मोडलं, डोळा जायची वेळ आली. तरी १९६५ पर्यंत अमेरिकेत वरच्या लेव्हलला खेळला, मग एक सीझन जपानमध्ये.

खेळाडू म्हणून साधारणच होता, खोटं कशाला बोलू. पण १९५५ मध्ये ब्रुकलिनला त्यांची एकमेव वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची शेवटची चॅम्पियनशिप, मिळाली त्यात याचा वाटा आहे आणि तो वाटा म्हणजे बाहेर जाणं. सातवी मॅच, सहाव्या इनिंगला मॅनेजरने झिमरऐवजी दुसरा बॅटर पाठवला, त्यामुळे दुसऱ्या बेसवर गिलियमला यावं लागलं आणि त्याच्या जागी लेफ्ट फील्डला सँडी अमोरोस आला. लगेच समोरच्या न्यूयॉर्क यांकीजच्या योगी बेराने कोपऱ्यात उंच बॉल मारला आणि अमोरोसने पळत जाऊन हात लांब करून तो पकडला. अमोरोस डावखुरा, म्हणून ग्लव्ह उजव्या हातात, म्हणून पोचला. मॅच २-० ने जिंकली. झिमर पुढे सगळ्यांना सांगायचा की वर्ल्ड सिरीज मी जिंकून दिली, मला काढलं म्हणून.

मॅनेजर म्हणून मात्र त्याच्या वाट्याला काय काय आलं! सॅन डिएगोला दोन वर्षं, त्यातल्या १९७३ मध्ये १०२ मॅच हरले. मग १९७६ ला बॉस्टन रेड सॉक्स. आणि १९७८. जुलैमध्ये रेड सॉक्स यांकीजच्या १४ मॅच पुढे होते, १४! सप्टेंबरमध्ये यांकीज बॉस्टनला येऊन चार दिवसांत चार मॅच ४२ विरुद्ध ९ अशा एकूण स्कोअरने मारून गेले. इथे मला झिमरची चूक वाटते, स्पष्ट बोलतो. बिल ली नावाचा अनुभवी पिचर बसून होता, यांकीजविरुद्ध त्याचा रेकॉर्ड चांगला, पण त्याचं आणि झिमरचं हाडवैर, झिमरच्या फुगलेल्या गालांवरून तो त्याला पाळीव उंदीर म्हणायचा, चारचौघांत. त्या चौथ्या मॅचला झिमरने लीला बसवलं आणि नुकत्याच वर आलेल्या बॉबी स्प्राऊलला उतरवलं, त्या पोराला पहिली इनिंगसुद्धा पुरी करता आली नाही. शिवाय थर्ड बेसवरच्या हॉब्सनच्या कोपरात हाडाचे तुकडे सुटलेले, तरी तो खेळतच राहिला आणि सीझनभरात ४३ चुका केल्या. झिमर जुन्या वळणाचा, स्वतः फुटक्या डोक्याने खेळलेला, त्यामुळे दुखतंय म्हणून बाहेर बसणं त्याच्या बुद्धीत बसतच नसावं असं मला वाटतं.

तरी शेवटच्या आठही मॅच जिंकून बरोबरीत आले, ९९-९९. मग २ ऑक्टोबरला एकच निकालाची मॅच, बॉस्टनच्या फेनवे पार्कवर. सातव्या इनिंगला यांकीजचा बकी डेंट, ज्याच्या अख्ख्या सीझनमध्ये जेमतेम चार होमरन, त्याने डाव्या भिंतीवरून बॉल घालवला, तीन रन. ५-४. बॉस्टनमध्ये त्या डेंटचं नाव आजही मधे एक शिवी घालून घेतात. ९९ मॅच जिंकून दिलेल्या मॅनेजरची लोकांनी त्यानंतर मैदानात हुर्यो उडवली आणि १९८० मध्ये काढलाच.

टेक्सासला गेला तर १९८२ मध्ये मालकाने तुला काढलंय म्हणून सांगितलं पण नवा माणूस येईपर्यंत अजून तीन मॅच तूच सांभाळ म्हणाला, आणि याने सांभाळल्या! मी असतो तर बॅग उचलून घरी गेलो असतो.

मग शिकागो कब्ज. तिथे जनरल मॅनेजर होता जिम फ्राय, याचा शाळेतला दोस्त. १९८९ मध्ये या टीमला कोणी विचारत नव्हतं आणि झिमरने तिला ९३ मॅच जिंकून डिव्हिजन, म्हणजे आपल्या गटात पहिला नंबर, मिळवून दिली, त्या वर्षीचा मॅनेजर ऑफ द इयर झाला. त्याची पद्धत म्हणजे सरळसरळ जुगार, घोड्यांच्या रेसचा शौकीन माणूस तो. तिन्ही बेस भरलेले असताना हिट अँड रनचा इशारा द्यायचा, म्हणजे बॉल टाकताक्षणी सगळे पळत सुटणार आणि बॅटरने काहीही करून बॉलला बॅट लावायची, हुकली तर सगळंच बोंबललं. त्या वर्षी बहुतेक वेळा लागलं. १९९१ मध्ये तिथूनही काढलं.

आता बघा, एवढं होऊन माणसाने काय करावं? पुढे कोलोरॅडोला कोच होता तिथे १९९५ मध्ये चालू मॅचमध्येच उठून, बास झालं म्हणून घरी निघून गेला. ६४ वर्षांचा. संपलं असं त्यालाही वाटलं असणार. आणि मग यांकीजचा नवा मॅनेजर जो टोरी याचा फोन आला, बेंच कोच होतोस का? दोघांची आधी फार घसट नव्हती.

माझ्या मते झिमरचं खरं करियर इथे सुरू होतं. चार टीमचा मॅनेजर राहिलेला माणूस दुसऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला आणि ती खुर्ची त्याला कुठल्याही मोठ्या खुर्चीपेक्षा जास्त शोभली. टोरी शांत, दगडासारखा चेहरा, आणि शेजारी हा जुगारी म्हातारा, आत्ता पळव, आत्ता बंट कर (म्हणजे बॉल नुसता हळूच ढकलायला लाव) असं सारखं टोचणारा. १९९६, ९८, ९९, २००० अशा चार वर्ल्ड सिरीज. १९९९ ला टोरीला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा ३६ मॅच यानेच सांभाळल्या, २१ जिंकल्या आणि टोरी परत आल्यावर गुपचूप आपल्या जागेवर जाऊन बसला. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये यांकीजच्याच नॉब्लॉकने मारलेला एक फाऊल बॉल, म्हणजे हद्दीबाहेर गेलेला, डगआउटमध्ये येऊन नेमका यालाच लागला, तर पुढच्या मॅचला साहेब मिलिटरीचं हेल्मेट घालून हजर, वर यांकीजचा लोगो.

आणि २००३. ११ ऑक्टोबर, परत फेनवे, परत बॉस्टन. तेव्हा माझी आई कराडहून आली होती, तिला बेसबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं पण या माणसाला ती 'गालफुगे आजोबा' म्हणून ओळखायची. दोन्ही टीम मैदानात भांडायला उतरल्या आणि ७२ वर्षांचा झिमर गुडघे दुखत असतानाही तुरुतुरु पळत थेट बॉस्टनचा पिचर पेद्रो मार्टिनेझ याच्या अंगावर गेला. पेद्रोने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून बाजूला ढकललं, म्हातारा आडवा. आई सोफ्यावरून उठून उभी, "अगं बाई, म्हाताऱ्याला पाडलं की रे त्यानं!" रात्री झोपेपर्यंत ती पेद्रोला शिव्या घालत होती. मी चहा करताना म्हणालो की अगं पहिला हात आजोबांनीच उगारला होता, तर मलाच ऐकवलं. दुसऱ्या दिवशी झिमर टीव्हीवर आला आणि पेद्रोबद्दल एक वाकडा शब्द न बोलता स्वतःच माफी मागितली, बोलताना रडला. मग आईही गप्प झाली. त्या वेळी मला खरं तर ती चार बटणंच आठवत होती, त्याच डोक्याला त्याने हात घातला होता.

जाता जाता, त्याच महिन्यात यांकीजना वर्ल्ड सिरीजमध्ये हरवणाऱ्या फ्लोरिडाचा मॅनेजर जॅक मॅककीन, तो पण ७२ चाच. त्याच्यावर वेगळं उत्तर लिहीन कधीतरी.

मालकाशी बिनसलं म्हणून झिमरने यांकीज सोडली आणि टँपा बे टीमचा सल्लागार झाला. तिथे दर वर्षी जर्सीचा नंबर एकाने वाढवायचा, बेसबॉलमधलं कितवं वर्ष तो नंबर. २०१४ मध्ये ६६ झाला आणि जूनमध्ये तो गेला, ८३ व्या वर्षी. पुढच्या वर्षी टीमने ६६ नंबर कायमचा बाजूला ठेवला. मॅनेजर म्हणून रेकॉर्ड ८८५ विजय, ८५८ पराभव. हॉल ऑफ फेममध्ये नाही.

हो, एक राहिलंच. १९८३ मध्ये तो यांकीजचा कोच होऊन न्यू जर्सीत राहायला आला तेव्हा भाड्याने घर घेतलं ते नेमकं बकी डेंटचं, डेंट तेव्हा टेक्सासला खेळत होता. घरभर भिंतींवर त्या १९७८ च्या होमरनचे फोटो. झिमरने सगळे फोटो उलटे करून, तोंड भिंतीकडे करून ठेवले आणि सीझनभर तसाच राहिला.