कायदा-सल्ला : साक्षीनंतरची बदली आणि हुकलेली मुदत

प्रश्न : चाकणजवळच्या कारखान्यात अकरा वर्षे फिटर आहे. कामावरून काढलेल्या सहकाऱ्याच्या बाजूने मी कामगार न्यायालयात साक्ष दिली. पाच आठवड्यांत नागपूरच्या डेपोत बदलीचा आदेश हातात पडला. नेमणूकपत्रात ‘कंपनी कुठेही बदली करू शकते’ असे कलम आहे, त्यामुळे काही उपयोग नाही असे एचआर सांगते. हजर व्हावे की नाही?

उत्तर : कलम आहे हे खरे, आणि न्यायालये बदलीच्या आदेशात सहसा हात घालत नाहीत हेही खरे. पण ते कलम कोणत्या हेतूने वापरले, हे तपासायला महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. युनियनवाले ‘यूएलपी टाकली’ म्हणतात ती अनुचित प्रथेची तक्रार याच कायद्याखाली. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली बाब ३ व्यवस्थापकीय धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने केलेल्या बदलीबद्दल आहे. बाब ७ औद्योगिक विवादात मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून केलेल्या भेदभावाबद्दल. तुमचे प्रकरण दोन्हींत बसते. तेवढ्याच दोन लावा. सवयीने बाब ९ सुद्धा चिकटवली जाते, पण तिच्यासाठी मोडलेला करार, तडजोड किंवा निवाडा दाखवावा लागतो. तो नसेल तर उलट तक्रार पातळ होते.

तक्रार औद्योगिक न्यायालयात करायची. बडतर्फीची म्हणजे बाब १ ची तक्रार तेवढी कामगार न्यायालयात जाते. मुदत घटनेपासून ९० दिवस. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकते, पण ‘एचआरशी बोलणी चालू होती’ हे कारण दरवेळी चालत नाही.

हजर व्हायचे का? बदलीविरुद्ध अर्ज दिला म्हणून घरी बसता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये गुजरात विद्युत मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. एकतर स्थगिती आणा, नाहीतर हजर व्हा. तेव्हा तक्रारीसोबतच कलम ३०(२) खाली अंतरिम स्थगितीचा अर्ज लावा आणि तो लगेच सुनावणीस घेण्याची विनंती करा. रुजू होण्याच्या तारखेपर्यंत स्थगिती मिळाली नाही तर ‘माझा हक्क राखून, आक्षेपासह हजर होत आहे’ असे पत्र पोचपावतीने देऊन रुजू व्हा. सरळसरळ जिंकता येण्याजोगी प्रकरणे इथेच बिघडतात: कामगार नाराजीने हजर होत नाही, कंपनी गैरहजेरीचे आरोपपत्र देते आणि मग वाद बदलीचा न राहता गैरहजेरीचा होतो.

‘सूडबुद्धीने बदली केली’ एवढ्या एका वाक्यावर तक्रार उभी राहत नाही. साक्षीची तारीख आणि तिची प्रमाणित प्रत लावा. कंपनीच्या वकिलाने तुमची उलटतपासणी घेतली असेल तर व्यवस्थापनाला साक्षीची माहिती होती, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. नागपूरच्या डेपोत फिटरचे काम आहे का? तिथे मंजूर पद आहे का? आजवर किती कामगारांची अशी बदली झाली? तुमच्या विभागातल्या सर्वांत कनिष्ठ फिटरला सोडून तुम्हालाच का निवडले? हे प्रश्न तक्रारीत लिहा आणि कंपनीकडून संबंधित कागद मागवण्याचा अर्ज द्या. एखाद्या विशिष्ट अधिकाऱ्याचा आकस होता असे म्हणायचे असेल तर त्याला नावानिशी प्रतिवादी करा. ज्याच्यावर आकसाचा आरोप आहे त्याला उत्तर देण्याची संधी नसेल तर न्यायालय तो आरोप विचारातच घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बिहारमधल्या एका प्रकरणात हेच सांगितले आहे.

दरम्यान बडतर्फीच्या हालचाली सुरू झाल्या तर प्रत्यक्ष आदेशाची वाट पाहू नका. प्रस्तावित बडतर्फीविरुद्धही बाब १ खाली दाद मागता येते, असा १९९५ चा हिंदुस्थान लिव्हरच्या प्रकरणातला निकाल आहे.

कंत्राटी कामगारांनी मात्र सावध राहावे. मूळ कंपनीने ‘हा आमचा कामगारच नाही’ म्हटले की यूएलपीची तक्रार तिथेच अडकते. सिप्ला आणि कल्याणी स्टील्स या २००१ च्या निकालांमुळे ते नाते आधी दुसऱ्या कार्यवाहीत ठरवून घ्यावे लागते.

प्रश्न : खासगी कंपनीत टीम लीड आहे. वरिष्ठांचे अश्लील मेसेज जानेवारीत थांबले. तेव्हा मी एचआरला तोंडी सांगितले होते. जूनमध्ये त्याच वरिष्ठांनी माझा प्रोजेक्ट काढून घेतला. ऑगस्टमध्ये लेखी तक्रार दिली, तर अंतर्गत समिती म्हणते मुदत संपली. जूनपासून मुदत धरता येणार नाही का?

उत्तर : नुसता प्रोजेक्ट काढला एवढ्यावर नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लेखी तक्रारीला शेवटच्या घटनेपासून ३ महिने आहेत, आणि समिती कारणे नोंदवून आणखी ३ महिने देऊ शकते. त्यापुढे समितीच्याही हातात काही नाही. जानेवारीपासून मोजले तर जुलैत दार बंद झाले. एचआरला तोंडी सांगणे ही कायद्याच्या दृष्टीने तक्रार नव्हे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धच्या प्रकरणात हाच मुद्दा निकाली काढला. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ ची आणि तक्रार डिसेंबर २०२३ ची होती. मधल्या काळात तक्रारदार प्राध्यापिकेला संचालकपदावरून हटवले होते. ती प्रशासकीय कारवाई छळाच्या साखळीतली कडी ठरत नाही, म्हणून मुदत वाढत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकाल कठोर आहे. सूड उगवायला लोक सवड घेतात, हे त्यात पुरेसे दिसत नाही असे आमचे मत. पण आज कायदा हा आहे.

मार्ग उरतो तो जूनच्या घटनेच्या स्वरूपात. ‘नीट वागलीस तर प्रोजेक्ट परत मिळेल’ अशा अर्थाचे काही ते बोलले किंवा लिहिले असतील, तर कलम ३(२) प्रमाणे लैंगिक वर्तनाशी जोडलेली नोकरीतल्या नुकसानीची गर्भित धमकी किंवा फायद्याचे आमिष हाही छळच धरला जातो. मग शेवटची घटना जूनची, आणि ऑगस्टची तक्रार मुदतीत. मूळ तक्रारीत हा संबंध लिहिला नसेल तर तारीख, शब्द आणि साक्षीदारासह पुरवणी निवेदन आत्ताच द्या. पोलीस तक्रारीची मुदत वेगळी आहे: लैंगिक शेरेबाजीच्या गुन्ह्याला १ वर्ष, शारीरिक जवळीक किंवा शरीरसुखाच्या मागणीच्या गुन्ह्याला ३ वर्षे.

समितीने तक्रार दाखल करून घेतली तर पहिल्याच दिवशी कलम १२ खाली लेखी अर्ज द्या. त्या वरिष्ठांनी तुमचे मूल्यमापन करू नये, ते दुसऱ्याकडे सोपवावे, अशी शिफारस समिती नियम ८ प्रमाणे करू शकते. हा अर्ज फार थोड्या जणी करतात आणि वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये त्याची किंमत मोजतात.

सरकारी बँकेत वगैरे असाल तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा, म्हणजे सरकारी संस्थेविरुद्ध थेट दाद मागण्याचा मार्गही असतो. पंजाब अँड सिंध बँकेच्या एका महिला अधिकाऱ्याने गैरव्यवहाराच्या आणि छळाच्या तक्रारी केल्यावर तिची इंदूरहून खालच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यासाठी असलेल्या शाखेत बदली झाली होती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूडाची ठरवली, तिला इंदूरला परत नेमायला लावले आणि ५०,००० रुपये खर्च देववला. तिथे निर्णायक ठरला तो तक्रारींचा लेखी, तारीखवार क्रम.

प्रश्न : वार्षिक करारावर काम करते. बाळंतपणाची रजा मागितली, तर करार दोन महिन्यांनी संपतोय, रजाही तिथेच संपेल असे उत्तर आले.

उत्तर : रजेची पात्रता पूर्ण असेल तर लाभ कराराच्या शेवटच्या तारखेला संपत नाही. दिल्लीतल्या एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असाच निकाल दिला. पात्रता म्हणजे अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम. पहिल्या दोन अपत्यांसाठी लाभ २६ आठवड्यांचा. प्रसूती लाभाचा १९६१ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तेव्हा अर्जात संहितेचा उल्लेख करा. करार पुढे वाढवून मिळेलच असे मात्र या निकालात नाही.

प्रश्न : खासगी कंपनीत मॅनेजर आहे. धर्मावरून बढती नाकारली, तक्रार केल्यावर नोटीस देऊन काढले. कुठे जाऊ?

उत्तर : तुमच्यासाठी वाट अरुंद आहे. राज्यघटनेचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते. यूएलपी कामगारांसाठी, व्यवस्थापकांसाठी नाही. आणि खासगी नोकरीतल्या भेदभावावर आपल्याकडे एक सर्वसाधारण कायदाच नाही. दिवाणी दावा ३ वर्षांत करता येतो, पण खासगी मालकावर माणूस परत घेण्याची सक्ती दिवाणी न्यायालय करत नाही. हाती येते ती नुकसानभरपाई, आणि बहुतेकदा नोटीस काळाच्या पगाराएवढीच. वकिलाची फी ठरवण्याआधी नेमणूकपत्रातले नोटिशीचे कलम वाचा. दाव्याची कमाल किंमत साधारण तिथेच कळते.

प्रश्न : व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट पुराव्यात चालतात का?

उत्तर : प्रमाणपत्रासह चालतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्यातले कलम ६५-ब चे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यात ठरवले. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आली. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय संकेतांक) द्यावे लागते. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण कापलेल्या स्क्रीनशॉटवर तारीख आणि नंबर दिसत नाही, आणि उलटतपासणी तिथूनच सुरू होते. ऑफिसचा मेल मात्र सरसकट स्वतःच्या खात्यावर पाठवू नका. गोपनीयता मोडल्याचे आयते आरोपपत्र मिळते. कामाचे मेल नेमक्या तारखांसह नोंदवून न्यायालयामार्फत मागवा.