तोंडी भागीदारी आणि अडकलेली उधारी

प्रश्न : मी आणि माझा आतेभाऊ 2021 पासून फैजपूरला केळीचे वेफर्स तयार करून विकतो. घरातलाच मामला म्हणून लेखी करार केला नाही. सुरतच्या एका व्यापाऱ्याकडे दोन वर्षांपासून आमचे 2,80,000 रुपये अडकले आहेत. आता आतेभाऊ वेगळा होण्याची भाषा करतो आणि पाकिटावरचे नाव आपल्यासोबत नेणार म्हणतो. मी काय करावे?
– एक वाचक, फैजपूर

उत्तर : करार लेखी नाही एवढ्याने आपली भागीदारी अमान्य ठरत नाही. वाटणीबद्दल काही ठरलेले नसेल, तर भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 13 नुसार नफा आणि तोटा दोघांत सारखाच विभागला जातो.

खरी अडचण नोंदणीची आहे. फर्मची नोंदणी करण्याची सक्ती हा कायदा करीत नाही. परंतु कलम 69 प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला, करारातून येणे असलेल्या रकमेसाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही. आधी दावा लावून मागाहून नोंदणी केल्याने हा दोष निघत नाही, मात्र व्यवहार जुना असला तरी दाव्यापूर्वी नोंदणी झालेली असली की पुरते. नोंदणीच्या अर्जावर दोघांच्याही सह्या लागतात, म्हणून आतेभावाशी बोलणे तुटण्याआधी करारनामा करून भागीदारी संस्था निबंधकांकडे अर्ज करा, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. नात्यात कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडे मानतात. मला मात्र तो नाते जपण्याचाच मार्ग वाटतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. उधारी फेडण्याची तारीख ठरलेली नसेल, तर माल पोचवल्याच्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि त्यांतली दोन आपण घालवली आहेत. बाकी मान्य असल्याचे व्यापाऱ्याने मुदत संपण्याआधी सहीनिशी लिहून दिले, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. फोनवरच्या तोंडी आश्वासनाने मात्र मुदत वाढत नाही.

नोंदणी नसेल तर भागीदाराकडून हिशेबही मागता येत नाही, असे कोणी सांगितले तर मानू नका. महाराष्ट्राने 1984 मध्ये तशी दुरुस्ती केली होती खरी, पण सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती घटनाबाह्य ठरवली.

पाकिटावरच्या नावाची बाजारातली पत, म्हणजे गुडविल, वेगळे काही ठरलेले नसल्यास फर्मची मालमत्ता असते. फर्म विसर्जित झाली, तरी सर्व व्यवहार मिटेपर्यंत फर्मच्या नावाने तसाच धंदा करण्यास किंवा फर्मची मालमत्ता स्वतःच्या लाभासाठी वापरण्यास आतेभावाला मनाई करावी, अशी मागणी आपण कलम 53 खाली करू शकता. नाव पुढे कोणाकडे राहील आणि दुसऱ्याला त्याचा मोबदला किती मिळेल, हे त्याच करारनाम्यात लिहून घ्या.