भिंत रंगवण्याआधी

गोव्यातल्या हणजूणच्या आपल्या अतिथिगृहाच्या कुंपणभिंतीवर रात्री कोणीतरी ज्यूंना धमकावणारा मजकूर लिहिला, आत इस्रायली कुटुंब उतरलेले आहे आणि ऐन हंगामात बोभाटा नको म्हणून शेजारी ती लगेच रंगवायला सांगत आहेत, असे आपण लिहिले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की पंचनामा होईपर्यंत भिंतीला हात लावू नका. माझ्या एका परिचितांनी अशाच प्रसंगी पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून सकाळीच चुना फासला आणि तक्रारीच्या वेळी दाखवायला काहीच उरले नाही.

जवळून व लांबून छायाचित्रे घ्या. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून त्याची प्रत आजच काढा आणि ती कोणी, कधी, कोणत्या यंत्रातून काढली हे लिहून ठेवा, कारण न्यायालयात त्यासोबत प्रमाणपत्र लागते. तक्रारीत नुसते ‘भिंत विद्रूप केली’ असे लिहू नका. मजकूर शब्दशः उतरवा आणि आत ज्यू कुटुंब राहते हेही नोंदवा. हेतू कागदावर आला नाही, तर धार्मिक वैर पसरवण्याविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम 196 बाजूला राहते आणि प्रकरण किरकोळ नुकसानीचे ठरते. त्या कलमाखाली खटल्याची दखल घेण्यास सरकारची पूर्वमंजुरी लागते, म्हणून पहिला कागदच भक्कम हवा. ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची नोंद नाकारली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते. कोणी दारात येऊन धमकावले, तर थेट 112.

पाहुण्यांना विचारल्याशिवाय काहीही ठरवू नका. त्यांना मुंबईतील इस्रायली वाणिज्य दूतावासाला कळवायचे असेल, तर मदत करा. त्यांचे चेहरे किंवा प्रार्थनेच्या वेळा मात्र समाजमाध्यमांवर जाऊ देऊ नका. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईच्या नरीमन हाउस या ज्यू केंद्रावरील दहशतवादी हल्ल्यात सहा ओलिसांचे प्राण गेले, त्यामुळे ही भीती अवास्तव नाही.

‘हे बाहेरच्यांचे भांडण आहे’ असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना गार्सिया द ओर्ता यांच्याविषयी अवश्य सांगा. गोव्यात राहून भारतातील वनौषधींवर ग्रंथ लिहिणाऱ्या या पोर्तुगीज वैद्याच्या अस्थी ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1580 मध्ये उकरून जाळल्या. आणि कोकणातले बेने इस्रायली ज्यू तर पिढ्यानपिढ्या आपल्यासारखेच मराठी बोलत आले आहेत.

पंचनामा झाला की भिंत जरूर रंगवा, आणि त्या वेळी याच शेजाऱ्यांना हातभार लावायला बोलवा.