मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या चर्चेसाठी आयआरसी, मॅट्रिक्स आणि डिस्कॉर्डपैकी नवख्यांना काय सोपं पडेल?

आयआरसी, म्हणजे इंटरनेटवरच्या लेखी गप्पांची ती जुनी पद्धत, नको. निदान नुसतं आयआरसी तरी नकोच.

आमच्या प्रकल्पाचा सगळा कारभार त्यावरच चालायचा. एकदा एक मुलगी आली, तिला भाषांतरात मदत करायची होती. कुठल्या फाइलपासून सुरुवात करू, एवढंच तिनं विचारलं. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी मंडळी, दुसऱ्या टाइमझोनमध्ये झोपलेली. बिचारीनं थोडी वाट पाहिली आणि टॅब बंद केला. काही तासांनी आमच्यातल्या एका ज्येष्ठानं तिला खरोखर उत्तम, तपशीलवार उत्तर लिहिलं. पण आयआरसीत तुम्ही जोडलेले नसताना जे बोललं जातं, ते नंतर तुम्हाला दिसतच नाही. ती परत आली नाही.

मी म्हटलं, माध्यम बदलू या. तर ज्येष्ठ म्हणाले, "बाउन्सर लावायचा की! तेवढंही जमत नसेल तर तो माणूस कोड काय लिहिणार?" अहो, ती कोड लिहायला आलीच नव्हती! आणि बाउन्सर म्हणजे तुम्ही नसताना तुमच्या नावानं जोडलेला राहून संदेश साठवणारा प्रोग्रॅम. एक प्रश्न विचारायला आलेल्यानं आधी त्यासाठी चोवीस तास चालणारा सर्व्हर उभा करायचा? १९८८ साली फिनलंडच्या विद्यापीठात आयआरसी जन्मलं, तेव्हाचे वापरणारे वेगळे होते. फायरफॉक्सवाल्या मोझिलानंसुद्धा २०२० मध्ये स्वतःचं आयआरसी बंद करून मॅट्रिक्स हे नवं, खुलं चॅट-माध्यम घेतलं, हे मी दाखवलं. त्यावर "ते मोठे लोक" म्हणून विषय संपवला.

डिस्कॉर्ड या चॅट-अ‍ॅपवर नवख्यांचं खातं आधीच असतं, म्हणून मोह होतो. पण तिथली चर्चा गूगलला सापडत नाही. तोच प्रश्न दर आठवड्याला नव्यानं येतो. शिवाय जुन्या चर्चेचा इतिहास कंपनीच्या हातात. स्लॅक या तशाच चॅट-अ‍ॅपनं २०२२ मध्ये फुकट योजनेतले ९० दिवसांहून जुने संदेश दिसेनासे केलेच ना?

माझं मत झुलिप या चॅट-अ‍ॅपला. सोर्स खुला, प्रत्येक संदेशाला विषय असल्यामुळे उशिरा आलेलं उत्तरही प्रश्नाखालीच सापडतं, आणि ठरवलं तर लॉगिन न करताही वाचता येतं. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची मंडळी तेच वापरतात. मॅट्रिक्सही चालेल, फक्त सार्वजनिक खोलीत एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशांना कुलूप, लावू नका. ते उघडायच्या डिजिटल किल्ल्यांच्या भानगडीत नवखा गळतो.

आणि "आधी डॉक्युमेंटेशन वाचा" एवढंच बोलता येणाऱ्या माणसाला स्वागताला बसवू नका, मग तो कितीही ज्येष्ठ असो.

हां, तुम्ही पाच-सहाच जण असाल आणि सगळे आधीच टेलिग्रामवर असाल, तर यातलं काहीच करू नका. तिथेच राहा.