अकोल्याचा घाम, उरणचा घाम

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मे महिन्यात उरणला कंटेनरमध्ये माल भरण्या-उतरवण्याच्या कामावर जातोय. आम्ही अकोल्याचे, ४५ अंशांत शेतात राबलेले. तो म्हणतो, "तिकडे पारा ३५, मला काय होणार?" शरीराची काही तयारी करता येते का? – एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, भावाला उन्हाची सवय आहे, दमट हवेची नाही. अकोल्यात घाम येतो तसा उडून जातो, सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे राहतात. एक लिटर घाम उडताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उरणला तोच घाम हनुवटीवरून टपटपतो. गळलेल्या घामाने अंग थंड होत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातं. त्यात कंटेनर म्हणजे लोखंडी पेटी, आत वारा नाहीच. मी बंदरालगतच्या एका कारखान्यात डॉक्टर होते. चक्कर येऊन यायचे ते बहुधा नवखे, तगडे आणि पहिल्याच आठवड्यातले.

तयारी होते ती काम करतच. पहिल्या दिवशी उकाड्यातलं काम पूर्ण पाळीच्या पाचव्या हिश्शाइतकंच, मग रोज तेवढंच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. चार-पाच दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, छातीतली धडधड कमी होते. घाम लवकर सुटायला आणि त्यातलं मीठ कमी व्हायला मात्र एक-दोन आठवडे लागतात. मुकादमाला हे पटणं अवघड. त्याला पहिल्या दिवसापासून गाडी रिकामी हवी असते. तरी भावानं आधीच बोलून घ्यावं. मधेच लग्नासाठी आठ-दहा दिवस गावी आला, तर कमावलेली सवय उतरू लागते. परतल्यावरही बेतानंच सुरुवात करावी.

तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. मिठाच्या गोळ्या नकोत, भाकरी-लोणच्याचं जेवण पुरतं. न्याहारी चुकवू नये, आदल्या रात्रीची दारू तर नकोच. रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

सोबत्यांनाही एक सांगून ठेवायला सांगा. कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा तोल जाऊ लागला, तर घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नये. राबणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होतो. लगेच सावलीत न्यावं, कपडे सैल करून अंगभर पाणी ओतावं, वारा घालावा आणि १०८ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नये.