सापडलेली काचेची बाटली किती जुनी आहे, हे कसं ओळखायचं?
आधी शिवण बघा. बाटली उजेडात तिरपी धरा आणि साच्याच्या जोडाची बारीक रेघ नखाने चाचपत वर जा. रेघ मानेतच विरली, तर तोंड बहुधा हाताने घडवलेलं. थेट ओठावरून गेली, तर बाटली यंत्रावरची. अमेरिकेतल्या मायकेल ओवेन्सचं बाटल्या बनवणारं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास आलं, त्यामुळे ती बहुतेक त्यानंतरची. बुडाला मधोमध खरखरीत व्रण असेल तर जपून ठेवा! ती बूड धरणाऱ्या लोखंडी सळईची खूण. रंगावर फार विसंबू नका. फिकट जांभळी झाक मात्र बोलकी: काचेतलं मँगनीज वर्षानुवर्षं उन्हात राहून तशी छटा घेतं. आणि मातीत राहून काचेवर चढलेला इंद्रधनुषी पापुद्रा कृपया घासून काढू नका, तो परत येत नाही.