स्टाफ की कामगार? सही करण्याआधी

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा फोन येऊन गेला. चाकणला स्टाफमध्ये महिना २४,००० आणि नाशिकला अंबडमध्ये कामगार म्हणून १९,५००, असं त्यांनी सांगितलं. "स्टाफची मिळतेय तर डिप्लोमा झालेली पोरगी कामगारात कशाला घालू?" हा त्यांचा प्रश्न. आपल्या खान्देशात स्टाफ म्हटलं की सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा वजन पडतं, हे मला ठाऊक आहे. पण माझी सगळी नोकरी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. हजेरी आणि पगारपत्रक, हेच काम. म्हणून तुला आधी तासांचा हिशेब करायला सांगतो.

अंबडच्या पत्रात बेसिक आणि डीए, म्हणजे महागाई भत्ता, मिळून १५,६०० आहेत. २६ दिवसांनी भागलं तर रोज ६००, तासाला ७५. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, म्हणजे तासाला १५०. महिन्यात २४ तास ओव्हरटाइम झाला तर ३,६०० वर येतात. एकूण २३,१००, आणि काम २३२ तास. चाकणला ड्युटी आठ तासांची लिहिली असेल, पण प्रॉडक्शनच्या ज्युनिअर इंजिनिअरला शिफ्ट सुरू व्हायच्या आधी लाइनवर उभं राहावं लागतं आणि शिफ्ट संपल्यावर रिजेक्शनचा रिपोर्ट भरून, पुढच्याला चार्ज देऊनच निघता येतं. रोजचे अकरा तास धर. २८६ तासांचे २४,०००, म्हणजे तासाला ८४ सुद्धा नाहीत. कामगाराला जवळजवळ १०० पडले.

हे मी खिडकीत बसून पाहिलेलं आहे. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात ऑर्डरी वाढायच्या, रविवारीही लाइन चालायची. एरंडोलकडचा एक ऑपरेटर आणि त्याचाच सुपरवायझर एकामागे एक स्लिप घ्यायला आले. ऑपरेटरचा आकडा मोठा होता. सुपरवायझरने स्वतःची स्लिप न वाचताच घडी घालून खिशात टाकली आणि मला विचारलं, "साहेब, माझे रविवार कुठे गेले?" त्याला एक सी-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, मिळाला होता, तोही घ्यायला सवड नव्हती.

आता सीटीसीचा, म्हणजे एकूण पगाराच्या फोडीचा, कागद उघड आणि फक्त बेसिक-डीएची ओळ बघ. चाकणच्या २४,००० मध्ये ती १२,००० आहे, बाकी सगळे भत्ते. ग्रॅच्युइटी त्याच ओळीवर निघते: दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, २६ ने भागून. अंबडला वर्षाचे ९,००० होतात, चाकणला ६,९२३. पीएफचंही तेच. अंबडला १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००, तर चाकणला १,४४०. आणि तेवढीच भर मालकाची. मोठ्या पगाराच्या पोटात हा खड्डा असतो आणि तो नोकरी सोडताना कळतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा, असा नियम आहे. तुझे १२,००० बरोबर निम्मे आहेत, ते उगीच नाहीत. दुसरं म्हणजे, सुपरवायझरीचं काम आणि १८,००० च्या वर वेतन असेल तर तो माणूस औद्योगिक संबंध संहितेच्या 'कामगार' व्याख्येबाहेर जातो. तुझी १२,००० ची ओळ आज त्याखाली आहे, पण ती वाढली की तू बाहेर. वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर निदान महिन्याची नोटीस आणि दर वर्षाला १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. व्याख्येबाहेरच्या स्टाफला त्याच्या नेमणूकपत्रात असेल तेवढंच. मात्र नुसतं पद देऊन कोणी स्टाफ होत नाही. हुद्दा काय लिहिलाय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करतो हे कोर्ट बघतं. तेव्हा रोजच्या कामाचं स्वरूप लेखी माग.

कराराची ताकद बघायची तर अमेरिकेतली डेल्फी आठवते. सुट्या भागांची ही कंपनी १९९९ मध्ये जनरल मोटर्सपासून वेगळी झाली आणि २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली. २००९ मध्ये तिच्या पेन्शन योजना सरकारी विमा महामंडळाकडे आल्या, आणि तिथे पेन्शनला मर्यादा असते. युनायटेड ऑटो वर्कर्स युनियनच्या तासावर पगार घेणाऱ्या कामगारांची तूट जनरल मोटर्सने जुन्या करारामुळे भरून दिली. स्टाफकडे तसा करार नव्हता. सुमारे २० हजार जणांच्या त्या गटात कित्येकांची पेन्शन कापली गेली. वर्षानुवर्षं खटला चालला, आणि २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाही नकार दिला. आयुष्यभर टाय लावून काम केलेली माणसं होती ती. मला त्यांचं फार वाईट वाटतं.

स्टाफची बाजू लंगडी आहे असं समजू नकोस. २०२१ मध्ये गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक चिप मिळेनात, लाइनी थांबल्या, तेव्हा स्टाफचा पगार सहसा चालू राहिला. कामगाराला ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर कायद्याने बेसिक-डीएच्या निम्मंच मिळतं. शिवाय मॅनेजर होण्याची वाट स्टाफमधूनच जाते. तुला डिझाइन किंवा क्वालिटीत जायचं असेल आणि चाकणवाले ते लिहून देत असतील, तर मी अडवणार नाही. लाइन सुपरवायझरीसाठी मात्र जाऊ नकोस.

अंबडचा खरा धोका वेगळा आहे. ते पत्र दोन वर्षांच्या फिक्स्ड टर्मचं आहे. मुदत संपली की नोकरी संपते, त्याला कपातीची भरपाई नसते. नव्या नियमाने एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल, एवढाच आधार. म्हणून मागच्या दोन बॅचमधल्या किती मुली परमनंट झाल्या ते शोध. एचआरला विचारू नकोस, गेटवर विचार. नाशिकच्या सिडकोत आपली निम्मी माणसं राहतात, कोणी ना कोणी त्या कंपनीतलं सापडेलच. युनियन आहे का, वेतन करार कधी झाला, आणि फिक्स्ड टर्मवाल्यांना त्यात काही मिळालं का, हेही त्याच्याकडून कळेल. ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, आई-बाबांचं नाव लागेल का, तेवढं विचारून घे; तुझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आज ना उद्या करावंच लागणार आहे.

बॅच परमनंट होत असेल तर माझं मत अंबड. बाबांशी मी बोलतो. तोवर कुठेही सही करू नकोस, आणि दोन्ही पत्रांचे फोटो पाठव, पगाराच्या तक्त्याचं पान स्पष्ट दिसेल असे.

तुझा,
काका